न शिवलेलं वाक्य

तुम्ही ज्या वाक्याच्या जोरावर जगताय, ते तुमच्या ग्रंथात खरंच आहे का? पान काढून, ओळीवर बोट ठेवून कधी बघितलंय? की कुणीतरी सांगितलं, तुम्ही मान हलवली, आणि तेव्हापासून तेच वाक्य घरातल्यांच्या डोक्यात हाणत आलात?

हा प्रश्न मी भर सभेत विचारलेला आहे. एकदा त्यावरून माझ्या अंगावर चप्पल आली. मी ती उचलून परत फेकली, आणि नेम माझा बरा निघाला. मी स्वतः काही मानत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी फसवलं म्हणायला नको. मला शाळेने शिकवलं नाही. रद्दीच्या गठ्ठ्यांवर बसून मी वाचायला शिकले आणि नोटिसा वाचून भांडायला. ग्रंथ म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते, कारण मला गप्प बसवायला जे जे आले त्यांच्या काखेत तो होताच. पण ही गोष्ट माझी नाही. ही घडीमावशीची आहे. तिला हा प्रश्न मी कधीच विचारला नव्हता. तिचा तिनेच विचारला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी छापखाना आहे. तिथे वर्षभर एकच पुस्तक छापतात, तो ग्रंथ. घडीमावशी तिथे छापलेल्या कागदाच्या घड्या घालते. नाव विचाराल तर छापखान्यातल्या निम्म्या लोकांना सांगता येणार नाही. घडीमावशी म्हटलं की काम भागतं.

छापून येतो तो मोठा ताव. अंथरला तर दोन माणसं त्यावर ताटं मांडून जेवायला बसतील. दोन्ही बाजू मिळून त्यावर सोळा पानं असतात, पण ती ओळीने नसतात. पहिल्याच्या शेजारी सोळावं, चौथ्याच्या शेजारी तेरावं, आणि वरच्या रांगेतली पानं तर डोकं खाली, पाय वर. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, छापणारा पिऊन आला होता. पण त्याच तावाला तीन घड्या बरोबर पडल्या की सगळी पानं शहाण्यासारखी आपापल्या नंबरावर येऊन बसतात. घडी घातलेल्या तावाला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक रचायचे, शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा, झाला ग्रंथ.

घड्या बायकांनी घालायच्या आणि शिलाई पुरुषांनी करायची, ही तिथली रीत. दोन दालनं, मध्ये एक दार, आणि त्या दारापाशी बायकांचा ग्रंथाशी असलेला संबंध संपतो. शिवेपर्यंत तो कागद, शिवल्यावर तो ग्रंथ. कागदावर हात पुसला तरी चालतं, कुणी त्यावर डबा ठेवला तरी फारतर मुकादम ओरडतो. पण एकदा सुई त्यातून गेली की बायकांनी त्याला बोट लावायचं नाही. का, म्हणून मी एकदा मुकादमाशी कचकचून भांडले होते. तो म्हणाला, पहिल्यापासून असंच आहे. मी म्हटलं, पहिल्यापासून तुमची अक्कलही एवढीच आहे का? तेव्हापासून फाटकावरच्या माणसाला मला आत सोडू नको असं सांगून ठेवलंय. तो सोडतो. त्याची बायकोही घड्या घालते.

त्या बायका स्वतः या रीतीची थट्टा करायच्या. एखादीच्या हातून ताव खाली पडला की दुसरी म्हणायची, जाऊ दे, देव अजून शिवलेला नाही, त्याला लागायचं नाही. सगळ्यात जास्त घडीमावशी हसायची. तिच्या हातात हाडाची एक पट्टी असते, घडीवरून दाबून ओढायची. आधी हे हाड झिजतं की माझं, बघायचंय, असं ती म्हणायची. पट्टी आरशासारखी गुळगुळीत झाली आणि तिचा उजवा अंगठा कायमचा बाहेर वळला. छपाईचं यंत्र भिंतीपलीकडेच धडधडतं, त्यामुळे तिला कमी ऐकू येतं. आपण दोनदा बोलायचं, ती एकदा ऐकते.

तिचा नवरा त्याच छापखान्यात शिलाईला होता. त्या दोघांचा एकुलता एक पोरगा. मिसरूड फुटल्यावर बापाने त्यालाही सुईदोऱ्याला बसवला. पोराचा जीव त्यात नव्हता. एक दिवस त्याने फर्मे मागेपुढे लावून शिवले. बापाने सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली आवाज काढला. जेवणाच्या सुट्टीत पोराने आपला ॲप्रन खुंटीला अडकवला, चपला घातल्या आणि फाटकातून बाहेर पडला. लोकांना वाटलं, पाणी प्यायला चाललाय. तो परत आलाच नाही. आईला सांगितलं नाही. आई त्या वेळी पलीकडच्या दालनात घडी घालत होती, मध्ये फक्त ते दार होतं.

पुढचं मला तिनेच सांगितलं. ती कामावर यायची, पण डोकं जाग्यावर नसायचं. तिला वाचायला येत होतं, पण लहान पोरासारखं. ओळीवर बोट ठेवायचं, ओठ हलवायचे, एकेक शब्द ढकलत पुढे न्यायचा. तावांवरचं ती सहसा वाचायची नाही, घडी घालणाऱ्याने वाचत बसलं तर ढीग कधी संपायचा? पण त्या दिवशी एका तावाच्या खालच्या ओळीवर तिची नजर अडकली. लेकरू हा शब्द दिसला म्हणून. तिने बोट ठेवलं आणि वाचलं:

‘आणि जे लेकरू आईबापाला न सांगता घर सोडून गेले, ते आपल्या पावलांनी परत येईल. दार उघडे ठेवावे.’

ती तिथेच खाली बसली. शेजारच्या बायकांना बोलावलं. त्यांनीही वाचलं, ज्यांना येत नव्हतं त्यांनी दुसरीकडून ऐकलं, आणि सगळ्यांचं एकमत झालं की ग्रंथाने ही ओळ हिच्याचसाठी लिहिलेली आहे. त्यानंतर तो ताव छापून आला की कुणीतरी हाक मारायचंच, मावशी, तुझी ओळ आली. ती हातातलं काम ठेवून जायची, वाचायची, आणि मग आपल्याच हाताने त्याची घडी घालायची.

खोली छापखान्याच्या मागेच होती, कामगारांच्या खोल्यांपैकी एक. घरी जाऊन तिने दाराला अर्धी वीट लावली. दार तेव्हापासून मिटलं नाही. त्या उघड्या दारातून किती काय आत आलं. एका मांजरीने पलंगाखाली पिल्लं घातली. एका भुरट्याने चहाचं पातेलं नेलं, तर हिने नवीन आणून नेमकं तिथेच ठेवलं. हिवाळ्यात ती गोधडीवर गोधडी घेऊन बसायची, पण वीट हलवायची नाही. आणि रोज कामावरून आली की उंबऱ्यावर उभी राहून पोराला नावाने हाक मारायची, मोठ्याने, बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही तशी. आलास का रे, म्हणायची. मग आत जायची.

नवऱ्याने पोराचं नाव पुन्हा कधी घेतलं नाही, मरेपर्यंत. ती त्याच्याशी यावरून भांडायची. तुझ्या हाताने सगळं झालं, निदान नाव तरी घे. तो ताटात बघून जेवत राहायचा. एकदा ती चिडून म्हणाली, ग्रंथाच्या विरुद्ध वागतोस, ग्रंथात काय लिहिलंय ठाऊक तरी आहे का, आणि ती ओळ तिने घडाघडा म्हणून दाखवली. तो घास हातात धरून तिच्याकडे नुसता बघत राहिला. मग म्हणाला, ‘तू वाचलंस ना? मग असेल.’ जन्मात कुठल्या गोष्टीला हो म्हणाला नव्हता असा माणूस. ती ओळ त्यालाही पटली, याचं तिला किती दिवस अप्रूप होतं. नाव त्याने तरीही घेतलं नाही. पण विटेला पाय लागून ती सरकली, तर वाकून परत जागेवर लावायचा.

तो गेला. ती आणि वीट मागे राहिली.

मग मालकाने घडी घालणारं यंत्र आणायचं ठरवलं. एका बाजूने ताव घालायचा, दुसऱ्या बाजूने फर्मा काढायचा. ते बसवायला जागा हवी, म्हणून मागच्या खोल्या पाडायच्या. नोटिसा चिकटल्या आणि लोक माझ्याकडे आले. लढलो. फाटकासमोर बसलो, घाण पाणी अंगावर घेतलं, दोनदा पोलीस ठाण्याच्या बाकावर दिवस काढला, पण बदली खोल्या मिळवल्या. पाण्याचा नळ घरात, पक्कं छप्पर, कागदावर बायकांचीही नावं. बढाई मारत नाही, पण तसा कागद या भागात आजवर कुणी मिळवलेला नाही. मालकाने त्यात एकच खुट्टी मारून ठेवली: सगळ्यांनी एकदम खोल्या सोडायच्या. एक जरी मागे राहिला, तर करार सगळ्यांचाच रद्द.

आणि घडीमावशी म्हणाली, मी हलणार नाही.

मी गेले समजवायला. विटेला ठेच लागली, तशीच आत शिरले. तिने चहा ठेवला. आली पुढारीण, म्हणाली. मला ती नेहमी पुढारीणच म्हणते, कौतुकाने की खोडी काढायला, ते मला अजून कळलेलं नाही. मी नळाचं सांगितलं, छपराचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

‘तो इथे येईल,’ ती म्हणाली. ‘त्याला हेच घर माहीत आहे.’

‘मग नवा पत्ता कोपऱ्यावरच्या दुकानात देऊन ठेवू की.’

‘ग्रंथात दुकान नाही लिहिलेलं. दार लिहिलंय.’

मालकाला झुकवणारी मी, एका ओळीसमोर हरले आणि चहा संपवून निघाले. बाकीच्या खोल्यांत कुजबुज सुरू झाली. म्हातारीला वेड लागलंय, तिच्यापायी आम्ही रस्त्यावर यायचं का, असं लोक बोलू लागले. तेही खोटं नव्हतं. कुणाची लेक बाळंतपणाला आलेली, कुणाचा बाप अंथरुणावर. मालक मात्र खूश होता. त्याने मदत म्हणून प्रार्थनाघरातला प्रवचनकार पाठवला. या माणसाला बायकांनी मधाचं बोट असं नाव ठेवलेलं. बोलणं इतकं गोड की ऐकताना वाटतं, आपल्याला कुणीतरी हळूच वाटेला लावतंय.

तो आला तोही विटेला अडखळूनच. खोलीतली एकुलती एक खुर्ची त्याला दिली. घडीदालनातल्या बायका दारात दाटीवाटीने उभ्या राहिल्या, मी पलंगाच्या कडेवर. तो म्हणाला, माउली, असं वाक्य ग्रंथात नाही. तिने विचारलं, तुम्ही कितीदा वाचलाय? तो म्हणाला, रोज वाचतो. ती म्हणाली, मी रोज घडी घालते. दारातल्या बायका खुदकन हसल्या आणि मग एकदम बोलायला लागल्या: आम्हीही बघितलंय, डाव्या हाताला खालची ओळ, हिने आमच्यासमोर वाचलंय. तो हात जोडून, तसाच गोड हसून म्हणाला, ‘तुम्ही तावावर वाचलंत. ताव म्हणजे ग्रंथ नव्हे.’

माझं टाळकं सटकलं. यांनी घड्या घातल्या म्हणून तुमचा ग्रंथ झाला, मी म्हटलं. तो शिवल्यावर यांनी शिवायचा नाही, आणि शिवायच्या आधी वाचला तर तो ग्रंथ नव्हे, वा. ओळ आहे. तुम्हाला सापडत नसेल तर तुमचे डोळे तपासा. आम्ही आणून दाखवू.

घडीमावशीने माझ्याकडे बघितलं. तिला नेमकं किती ऐकू आलं होतं, कोण जाणे. मग ती त्याला म्हणाली, ‘शिवलेल्या ग्रंथात नसेल, तर मी खोली सोडते. सगळ्यांसमोर सांगते.’

त्याने मान डोलावली आणि वीट ओलांडून निघून गेला.

मी रद्दीवाल्याकडून एक जुना ग्रंथ उचलून आणला. तो पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचायची माझी ही पहिलीच वेळ. आजवर मी त्यातली भांडणापुरती वाक्यंच पाठ केली होती. त्यात चांगलंही बरंच होतं, ते कबूल करायला मला काही कमीपणा वाटत नाही. पण ती ओळ नव्हती. तिचा पहिला अर्धा तुकडा होता. एका पानाच्या अगदी तळाशी: आणि जे लेकरू आईबापाला न सांगता घर सोडून गेले. मी घाईने पान उलटावं म्हटलं, पण पुढचं पान समोरच होतं, आणि त्यावर काय होतं ते वाचून मी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं तेव्हा ओळीचा दुसरा तुकडा बऱ्याच पानांपुढे, भलत्याच ठिकाणी सापडला. हे असं कसं, ते मला कळेना. वेगळी आवृत्ती असेल, असं मनाशी म्हणत मी पिशवीत ग्रंथ घालून छापखान्यात गेले.

जेवणाची सुट्टी होती. बायका बाहेर सावलीत डबे उघडून बसलेल्या. घडीदालनात ती एकटी, लांबलचक टेबलापाशी, ताव पसरून. तुलाच शोधायला निघाले होते, म्हणाली. आजच तो ताव आलाय. ये, वाच तूच.

मी वाकले. तिने माझ्यासाठी बोट ठेवलं, तो बाहेर वळलेला अंगठा आणि शेजारचं बोट. बोट डावीकडच्या पानाच्या शेवटच्या ओळीवरून निघालं. आणि, जे, लेकरू. पान संपलं. मध्ये बोटभर कोरी पट्टी होती. बोट थांबलं नाही. कोरी जागा ओलांडून ते सरळ शेजारच्या पानावर गेलं आणि त्या पानाच्या शेवटच्या ओळीवरून चालू लागलं. ते, आपल्या, पावलांनी.

डावीकडचं पान चौथं होतं. उजवीकडचं तेरावं.

ती मात्र खुशीत होती. उघडा ताव नेला तर मधाचं बोट पुन्हा तेच म्हणेल, ती म्हणाली. तेव्हा आपण याचा फर्मा करू, वर नीट कापू, आणि तो शिलाईवाल्याकडून शिवूनच घेऊ, म्हणजे त्याला बोलायला जागा नको. असं म्हणता म्हणता तिच्या हातांनी घडी घातलीही होती. ते हात विचारत नाहीत. एक, दोन, तीन, वरून पट्टी फिरली. पट्टीनेच तिने वरची बाजू कापली आणि पानं मोकळी केली. मग पान शोधून, माझ्यासमोर धरून, तिने तळाच्या ओळीवर बोट ठेवलं.

बोट निघालं. घर सोडून गेले. शेजारच्या पानाच्या तळाशी पोचलं. तिथे धान्य चाळण्याआधी हात धुण्याबद्दल काहीतरी होतं.

तिने पान बरोबर आहे का बघितलं. बरोबर होतं. मग दुसरा ताव ओढला, पसरला, बोट फिरवलं. ओळ होती. घडी घातली. ओळ नव्हती. तिसरा ताव घेतला, आणि या वेळी घडी सावकाश घातली, नवीन शिकाऊ बाई घालते तशी, कुठलं पान कुठे जातंय ते बघत. पहिली घडी. दुसरी. तिसरीला चौथं पान डावीकडे राहिलं आणि तेरावं मागे वळून गेलं, आणि त्या दोघांच्या मध्ये आठ पानं येऊन बसली. तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. किती वर्षं ती ओळ त्याच हातांनी मोडत आली होती.

तिने पट्टीने कडा कापली, तेच पान उघडलं, आणि बोट तळाच्या ओळीवरून उचलून समोरच्या पानाच्या डोक्यावर ठेवलं, जिथे ते वाचणाऱ्याने ठेवायचं असतं. ओठ हलले. एकेक शब्द ढकलत तिने वाचलं:

‘त्याचे नाव त्या घरात पुन्हा घेऊ नये.’

छपाईचं यंत्र सुट्टीतही पलीकडे धडधडत होतं. तिने विचारलं, मग ते दुसरं कुणाचं? मी तेरावं पान काढून दिलं. त्यावर वाट चुकलेल्या जनावराबद्दल होतं. त्याला शोधायला धावू नये, भूक लागली की ते आपल्या पावलांनी परत येईल, दार उघडे ठेवावे. तिने तेही पूर्ण वाचलं.

‘जनावराचं दार उघडं ठेवायचं,’ ती म्हणाली. हसल्यासारखं केलं.

मग तिला नवरा आठवला. तो शिलाईवाला. रोज शिवलेला ग्रंथ हाताळणारा, प्रार्थनाघरात पहिल्या रांगेत बसणारा. ‘म्हणजे याला ठाऊक होतं,’ ती म्हणाली. ‘पाळत होता तो. आणि मी त्यालाच ग्रंथ शिकवत होते.’ मग तिच्या लक्षात आलं ते तिने बोलून दाखवलं नाही, पण मला तिच्या तोंडावर दिसलं. तू वाचलंस ना, मग असेल. त्या माणसाने आयुष्यात तिला एकच गोष्ट दिली होती, आणि तीही अशी की आता कळल्यावर घेता येईना.

मी गप्प बसणारी नाही. मी वकिली सुरू केली. म्हटलं, मावशी, हा अख्खा ग्रंथ असाच कुणीतरी इथलं तिथलं जोडूनच बनवलाय. जनावरासाठी दया आणि लेकरासाठी दगड, हे एका माणसाने लिहिलेलं असेल का? तुझा जोड त्यांच्या जोडापेक्षा चांगला आहे. शंभर पटीने चांगला आहे. धर ना तोच.

‘तू तर काहीच मानत नाहीस,’ ती म्हणाली. ‘तू मला हे कशाला सांगतेस?’

मी म्हटलं, कारण तुझी ओळ खरी असायला हवी होती.

‘मी बनवली असती तर धरली असती,’ ती म्हणाली. ‘बनवली नव्हती गं. मी वाचली होती.’

पिशवीतला जुना ग्रंथ मी बाहेर काढलाच नाही.

तिने तीनही फर्मे ढिगावर ठेवले. एकाची कडा वेडीवाकडी कापली होती, तो बाजूला काढला, मुकादम ओरडेल म्हणून. बायका डबे धुऊन आत आल्या. बारकी म्हणून एक आहे त्यांच्यात, तिची बहीण अशीच कुठे निघून गेलेली. ती म्हणाली, मावशी, दाखवलंस का पुढारणीला? घडीमावशी म्हणाली, दाखवलं. एवढंच. त्यांना तिने काहीही सांगितलं नाही. बारकी अजून ती ओळ म्हणते, आणि तिचंही दार उघडं असतं.

खोल्या सगळ्यांनी एकदम सोडल्या. करार टिकला. लोकांनी मला हार घालायचा बेत केला होता, मी त्यांना असं झापलं की हार कुठे गेला ते कुणी सांगितलं नाही. मधाचं बोट भेटला, म्हणाला, शेवटी ग्रंथाने मार्ग दाखवला. त्याला काय झालं ते ठाऊक नव्हतं, आणि मी कळू दिलं नाही. तेवढं सुख त्याला कशाला?

सामान हलवताना मी वीट उचलायला गेले. राहू दे, मावशी म्हणाली. ती तिथेच राहिली, मग भिंत पडली तेव्हा बाकीच्या विटांत मिसळली.

नवी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. नळाला पाणी येतं. दाराला आतून लोखंडी कडी आहे, आणि ती कडी घडीमावशी लावते, दिवसासुद्धा. मी अधूनमधून जाते. जिन्याच्या तोंडाशी थांबून कान देते. ती कामावरून येते, कुलूप काढते, आत जाते, कडी लागते. हाक नाही. नवरा जिवंत असताना त्या घरात एक माणूस नाव घ्यायचा आणि एक घ्यायचा नाही. आता ग्रंथात लिहिलंय तसं झालं. मी एकदा मुद्दाम विचारलं, काय गं नाव होतं त्याचं? ती म्हणाली, चहा घेतेस का?

छापखान्यात यंत्र आलं. ताव आत जातो, फर्मा बाहेर पडतो, मध्ये उघडा ताव कुणाला दिसतच नाही. बारकीच्या तोंडात सोडली तर ती ओळ आता जगात कुठेच नाही. घड्या घालणाऱ्या बायकांना फर्मे मोजायला बसवलंय. तिची हाडाची पट्टी खिडकीच्या फळीवर पडलेली असते. तिचं कमी ऐकू येणं वाढलंय. मी येते तेव्हा दार मुठीने बडवावं लागतं, शेजारी बाहेर येतात, ती मात्र शेवटी येते. कडी काढताना कोण आहे असंही विचारत नाही. तिला आता कुणी येणार नसतं.

मी देवाला काही मागत नाही, आणि सरकारकडे मागून मिळत नाही. म्हणून तुमच्याकडे मागते. तुम्ही न सांगता घर सोडून आलेले असाल, तर हे तुम्हाला आहे. ज्या दारातून निघालात ते दार पाडलंय, तिथे शोधू नका. छापखान्याच्या फाटकावर विचारा, तो माणूस सांगेल. तिसऱ्या मजल्यावर या आणि दार जोरात वाजवा, थांबू नका, वाजवत राहा. आणि तुमचं नाव तुम्हीच सांगा. ती आता घेणार नाही.